काकांच्या डबीत तीन पदकं आहेत. चौथं विकत घ्यावं का? (आयएनएस खुकरी, १९७१)

पुतण्या_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी,

इथे नौदलातले आणि पदकांची माहिती असणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे थोरले काका नौदलात होते, इंजिन रूममध्ये. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली, तेव्हा ते तिच्यावर होते. वय २५. बाबा त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. मी काकांना फक्त देवघराशेजारच्या फोटोत पाहिलंय. पांढरा गणवेश, गोल टोपी, आणि हसू आवरून धरलेला चेहरा.

काकू गेल्या वर्षी गेली. कार्य उरकल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी एका लुगड्याच्या घडीत पुठ्ठ्याची डबी होती. आत तीन पदकं आणि चौघडी घातलेला, टाइप केलेला कागद. कागदावर नावं अशी: रक्षा मेडल १९६५, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल. तिने आम्हाला ती कधी दाखवली नव्हती. घरात कुणी कधी विचारलंही नव्हतं, हे आता खूप लागतंय.

मला ती नीट फ्रेम करून घ्यायची आहेत. फितींचे रंग विटलेत म्हणून मुंबईत जुन्या पदकांच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हा सेट अपुरा आहे. ७१ च्या प्रत्येक माणसाकडे आणखी एक पदक असतं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. माझ्याकडे आहे. हवं तर नाव घालून देतो." बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, घेऊन टाक, दादाचं काही अपुरं राहायला नको.

मी पैसे देणार होतो, पण हात थांबला. का थांबला ते नीट सांगता येत नाही. घ्यावं का?

आणि दुसरं. नातेवाईक विचारतात, "कुठलं चक्र मिळालं होतं?" चक्र नाही म्हटलं की पुढे कुणी काही बोलत नाही. या तीन पदकांचा अर्थ काय, हे मला त्यांना सांगता यायला हवं.

माजी_नाविक

घेऊ नका. आधी हे वाचा, मग ठरवा.

मी ६८ साली भरती झालो. ७१ ला मुंबईतच दुसऱ्या जहाजावर होतो. तुमच्या डबीत जे आहे ते पूर्ण आहे. एकही कमी नाही.

पंचविसाव्या स्वातंत्र्य वर्धापनदिनाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ या दिवशी जे सेवेत होते त्यांना मिळालं. सैन्य, नौदल, हवाई दल, पोलीससुद्धा. त्या दिवशी हजेरीपटावर नाव हवं, एवढीच अट. म्हणून माझ्याकडे ते आहे आणि माझ्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्यांकडे आहे. दुकानदाराला तेवढंच ठाऊक असेल. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. ७१ मधून परत आलेल्या माणसाच्या छातीवर ते असतंच.

तुमचे काका १५ ऑगस्ट ७२ ला सेवेत नव्हते. समुद्रात जाऊन त्यांना आठ महिने झाले होते.

माहीतगार माणूस जेव्हा ती तीन पदकं बघेल, तेव्हा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल आहे पण ७२ चं नाही, एवढ्यावरून त्याला कळेल की हा माणूस युद्धातून परत आला नाही. शेजारी चौथं लावलंत, तर तो समजेल की काका ७२ साली ड्यूटीवर होते. तुमच्याच हातून त्यांच्या पदकांवर चुकीची नोंद होईल.

आता तिन्हींचा अर्थ.

रक्षा मेडल म्हणजे ६५ च्या लढाईच्या वेळी ते आधीच नौदलात होते. वयाचा हिशेब केलात तर अठरा-एकोणीस वर्षांचे असतील.

पश्चिमी स्टार म्हणजे ७१ च्या युद्धात पश्चिमेकडच्या क्षेत्रात प्रत्यक्ष होते. पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार. विमानवाहू विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, तिच्यावरच्या पोरांना पूर्वी. आम्हा मुंबईच्या ताफ्याला पश्चिमी. नातेवाइकांना सांगायचं तर याचंच सांगा. तो मनुष्य तिथे होता, याचा तो पुरावा आहे.

संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ पासून पुढच्या काळात सैन्यदलांत असलेल्या सगळ्यांना. काकांच्या वाट्याला त्यातले सात दिवस आले.

एक दुरुस्ती. फ्रेममध्ये लावताना कागदावरचा क्रम धरू नका. रक्षा मेडल साल बघून पहिलं वाटतं, पण मानाच्या क्रमात स्टार आधी येतो. बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडून पश्चिमी स्टार, मग रक्षा, मग संग्राम.

नाणेवाला

माजी_नाविक यांच्याशी शब्दशः सहमत. मी तीस वर्षं पदकं आणि नाणी जमवतो, म्हणून थोडी भर.

गोल पदकांची कड भिंगाखाली फिरवून बघा. आपल्याकडे पदकांवर क्रमांक, हुद्दा आणि नाव घालायची पद्धत आहे. बऱ्याच घरांत पन्नास वर्षं पदक असतं आणि कडेला नाव आहे हे कुणाला माहीत नसतं. नाव मिळालं तर त्या पदकाची जोडी जगात नाही. दुकानातल्या कोऱ्या पदकावर आज नाव घालून घेतलं तर ती वस्तू पदकही राहत नाही आणि आठवणही नाही. पुढे पन्नास वर्षांनी तुमच्या नातवाला कुणी सांगणारं नसेल की यातलं एक नंतर घातलेलं आहे.

आणि कृपा करून ब्रासो, चिंच, रांगोळी, काही लावू नका. माझ्याकडे एका गृहस्थांनी वडिलांचं पदक चकचकीत करून आणलं होतं, कडेचं अर्धं नाव गेलेलं. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपा, बस. जुन्या फिती फेकू नका. नव्या लावल्यात तरी जुन्या त्याच डबीत ठेवा. तो टाइप केलेला कागद पदकांइतकाच मोलाचा आहे, त्याच्या घड्या उलगडून सपाट ठेवा. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन अजिबात नको.

फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका, फिती वर्षभरात पांढऱ्या पडतात. समुद्रकाठच्या हवेत तर मागच्या बाजूने नीट बंद केलेली हवी.

पुतण्या_वेंगुर्ला

दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. माजी_नाविक, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "सात दिवस" या शब्दांपाशी त्यांनी मला थांबायला सांगितलं आणि उठून पडवीत गेले.

कड बघितली. मोबाइलची बॅटरी लावून, भिंगातून. नाव आहे! इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आमच्या आडनावात एक अक्षर चुकलंय, पण आहे.

दीपस्तंभ७१

खुकरीबद्दल इथे थोडं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर धागा वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल.

खुकरी ही ब्रिटनमध्ये बांधलेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट, १९५८ मध्ये आपल्या नौदलात आली. तिच्या दोन जोडीदार कृपाण आणि कुठार. तिघी मिळून १४ वं फ्रिगेट स्क्वाड्रन. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला खुकरीचे कप्तान, आणि स्क्वाड्रनचे प्रमुखही तेच.

४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, तो सगळ्यांना माहीत आहे, नौदल दिन त्याचाच. पण त्याच दिवसांत पाकिस्तानी पाणबुडी हंगोर आपल्या किनाऱ्याजवळ फिरत होती. तिचे रेडिओ संदेश पकडले गेले आणि ती दीवच्या नैर्ऋत्येला असल्याचा अंदाज आला. तिला शोधायला ८ डिसेंबरला मुंबईहून खुकरी आणि कृपाण निघाल्या. कुठार बॉयलरच्या दुरुस्तीत अडकली होती, नाहीतर तिसरीही गेली असती.

हंगोर फ्रेंच बनावटीची, दाफ्ने वर्गातली, त्या काळी अगदी नवी. तिला आपल्या जहाजांची चाहूल लांबून लागत होती, आपल्या जुन्या सोनारला (आवाजावरून पाण्याखालची पाणबुडी शोधणारं यंत्र) ती तेवढ्या अंतरावर सापडत नव्हती. त्यात सोनारच्या एका नव्या उपकरणाची चाचणी खुकरीवर चालू होती, त्यासाठी वेग कमी ठेवलेला. पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. रात्रीचे पावणेनऊ होऊन गेले होते. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिली घटना. त्यानंतरची १९८२ ची, अर्जेंटिनाची जनरल बेलग्रानो. स्वातंत्र्यानंतर युद्धात शत्रूकडून गमावलेली आपली युद्धनौका खुकरी ही एकच.

१८ अधिकारी आणि १७८ नौसैनिक गेले.

माजी_नाविक

सगळं बरोबर लिहिलंत, एक आकडा तेवढा सुधारा. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. एकूण १९४. वाचले ६७: ६ अधिकारी, ६१ नौसैनिक. दुसऱ्या दिवशी कच्छल जहाजाने त्यांना पाण्यातून काढलं. डिसेंबरातली ती अख्खी रात्र त्यांनी पाण्यात काढली होती.

दोनाचा फरक म्हणजे दोन घरं. म्हणून सांगितलं, राग मानू नका.

दीपस्तंभ७१

राग कसला, उलट आभार. मूळ प्रतिसाद आता बदलता येत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यांनी हाच आकडा धरावा: १७६.

ओसरी

मला मुल्लांबद्दल नेहमी वाटत आलंय ते लिहिते. वाचलेल्यांनी सांगितलं की त्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, जमेल तेवढ्यांना पाण्यात ढकललं आणि मग परत ब्रिजवर, म्हणजे कप्तान जहाज चालवतो त्या वरच्या जागेवर, जाऊन बसले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, २००० साली टपाल तिकीटही निघालं. हे सगळं व्हायलाच हवं होतं.

पण पुतण्या_वेंगुर्ला यांचा प्रश्न वाचून मनात आलं, की त्याच जहाजाच्या पोटात, इंजिन आणि बॉयलरपाशी जे होते त्यांचं काय? त्यांच्यातल्या कुणीच कुणाला शिडीवरून वर ढकललं नसेल? कुणी वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायला मागे थांबला नसेल? त्यांना मात्र सगळ्यांना मिळतं तेच पदक. मी वाईट बोलत नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय.

माजी_नाविक

चांगला प्रश्न विचारलात. आम्हीही मेसमध्ये यावर खूप बोललो आहोत.

शौर्यपदकासाठी शिफारस लागते. अमक्याने अमुक वेळी हे केलं, हे लिहिणारा कुणीतरी हवा, आणि ते बघितलेला कुणीतरी हवा. मुल्लासाहेब ब्रिजवर होते, उघड्यावर. पाण्यात असलेल्यांना ते दिसले. म्हणून ती गोष्ट किनाऱ्यापर्यंत आली. खाली बॉयलर रूममध्ये ज्याने काही केलं असेल, ते बघणारेही त्याच्याबरोबरच गेले. सांगायला कुणी उरलं नाही. नौदलाने काही कमी लेखलं असं नाही. समुद्रावरच्या लढाईत साक्षीदारही बुडतात.

म्हणूनच मला पश्चिमी स्टार कधी लहान वाटला नाही. खाली कोण काय करत होता हे तो विचारत नाही. तू तिथे होतास, एवढंच तो म्हणतो. खुकरीवर तिथे असणं काय होतं, हे आता दीपस्तंभ७१ यांचा प्रतिसाद वाचलेल्या कुणालाही कळेल.

मुल्लासाहेबांवर जहाजाबरोबर जायची सक्ती नव्हती. असा नियम नाही. ते त्यांनी ठरवलं.

दीपस्तंभ७१

नातेवाइकांना सांगायला आणखी एक. त्या युद्धात सगळ्या नौदलाला मिळून आठ महावीर चक्रं मिळाली. त्यांत आपले मोहन नारायण राव सामंत आहेत, करंज पाणबुडीचे कप्तान, ज्यांनी पूर्वेला मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या, नौकमांडोंची कारवाई चालवली. आणि आठांत नौसैनिक एकच, लीडिंग सीमन चिमणसिंग. बाकी सगळे अधिकारी. तेव्हा "चक्र नाही" याचा अर्थ लढला नाही असा कुणी काढत असेल, तर हजारोंच्या नौदलात आठ जण, एवढंच सांगा.

पुतण्या_वेंगुर्ला

ओसरी, तुमचा प्रश्न माझ्याही मनात होता, विचारायचं धाडस नव्हतं. बाबांकडून काल रात्री जे कळलं ते लिहितो. त्यांनी हे मलाही आजवर सांगितलं नव्हतं.

काका भरती झाल्यावर काही काळ लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात इंजिनाचं काम शिकायला होते. सुट्टीत आले की घरच्या पंपाचं इंजिन खोलून बसायचे आणि बाबांना पाने हातात द्यायला शेजारी बसवायचे. बाबा आजही कुठलाही पाना हातात घेतला की आधी त्याचा नंबर मोठ्याने म्हणतात. ती सवय कुठून आली ते काल कळलं.

लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही. तार आली ती पोस्टमनने आजोबांच्या हातात दिली नाही, शाळेतल्या गुरुजींना घेऊन आला. काकू तेव्हा विहिरीवर होती.

देह नाही, त्यामुळे आजी मानायलाच तयार नव्हती. कुठल्यातरी बेटावर लागला असेल, मच्छीमारांनी उचलला असेल, पाकिस्तानात कैदेत असेल. कैदी परत आले तेव्हा आजोबा मुंबईला जाऊन आले. काकूने कुंकू पुसलं नाही आणि आजीने तिला पुसू दिलं नाही. गावात बोलणारे बोलत. असं किती दिवस चाललं याचा हिशेब बाबांकडे नाही, पण पदकांचं पार्सल आलं तो दिवस त्यांना लख्ख आठवतो. साल आठवत नाही. पावसाळा होता, पार्सल ओलं झालं होतं, एवढं आठवतं.

काकूने डबी उघडली, कागद वाचला, पदक उजेडाकडे धरून कड फिरवली. म्हणजे नाव आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबा पदक हातात घेऊन सदऱ्याला पुसायला लागले, तर आजी मागून म्हणाली, "पुसू नको रे, तेचां नाव आसा त्येच्यार." त्या दिवसानंतर आजीने बेटाचं नाव काढलं नाही. काकूने कुंकू कधी सोडलं ते कुणी पाहिलं नाही.

दुसरं लग्न कर असं आजोबांनीच तिला दोनदा सांगितलं होतं. ती आमच्यातच राहिली. मला शाळेत सोडायला तीच यायची.

ओसरी

वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. तुमच्या काकूंना नमस्कार.

रत्नांग्री_बंदर

आमच्या घरची गोष्ट वेगळ्या युद्धातली, पण देह नसण्याचं दुःख तेच, म्हणून लिहितो.

माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मालवाहू आगबोटीवर खलाशी होते. बोट गेली. घरी पदक नाही, फोटो नाही, एक नाव फक्त. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. महायुद्धांत समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही अशा हिंदी खलाशांची नावं तिथे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या यादीत तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीचे ४०० हून जास्त आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ ६,०००. कोकणातली, बंगालमधली, गुजरातेतली पोरं.

मी तिथे गेलो तेव्हा अर्धा तास यादी वाचत होतो. नाव सापडल्यावर काय करायचं ते कळेना. बोट ठेवलं त्यावर. घरी येऊन आईला सांगितलं की तुझ्या आज्याचं नाव आहे. ती म्हणाली, "बरं झालं, लिहिलेलं तरी आहे."

तुमच्याकडे ते कडेला लिहिलेलं आहे, आणि तुमच्या घरात आहे. चौथ्या पदकाची काय गरज?

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये असते. इथे शहीद झालेल्याची पदकं घरच्यांनी समारंभात लावायची असतील तर उजव्या छातीवर लावतात. ज्याने मिळवली तो डावीकडे लावतो, त्यामुळे बघताच कळतं की ही दुसऱ्या कुणाची आहेत. आपल्याकडेही असंच आहे ना? माजी_नाविक सांगू शकतील.

माजी_नाविक

हो. डावी बाजू मिळवणाऱ्याची. आई, बायको, मुलगा, भाऊ, कुणीही लावली तर उजवीकडे. आमच्या मुंबईच्या स्मारकावर मी वीरपत्नींना उजव्या पदरावर लावलेलं पाहिलंय.

पुतण्या_वेंगुर्ला, आणखी दोन कामाच्या गोष्टी. काकांची सेवेची नोंद हवी असेल तर नौसैनिकांचं रेकॉर्ड ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं, मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये. आमच्या वेळेपासून सगळे त्याला 'कॅब्स' म्हणतात. पदकाच्या कडेवरचा क्रमांक अर्जात लिहा, शोधणाऱ्याला नावापेक्षा क्रमांक लवकर सापडतो. आडनावाच्या स्पेलिंगचा घोळ आहे म्हणता, तर क्रमांकच कामाला येईल. अर्ज तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करून घेतलात तर बरं, तिथले बहुतेक लोक माजी सैनिकच असतात.

स्पेलिंग सुधारून मिळेल का, असं विचारू नका एवढं सुचवतो. तुमच्या आजीने तेच नाव वाचलं होतं.

पिंपळपार

दीवला जाऊन आलोय, दोन वर्षांमागे. चक्रतीर्थ किनाऱ्याजवळ टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती. १९९९ मध्ये झालं. समोर उघडा समुद्र. संध्याकाळी पर्यटक फोटो काढत असतात, कुणाला फारसं माहीत नसतं. वाऱ्याचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

आणखी एक. त्याच नावाची दुसरी खुकरी आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, १९८९ मध्ये नौदलात आली. ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली, आणि तिला दीवलाच संग्रहालय म्हणून दिली. बाबांना घेऊन जाणार असाल तर दोन्ही एकाच फेरीत होईल. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातही त्यागचक्राच्या भिंतींवर प्रत्येकाच्या नावाची वीट आहे, तिथेही काका सापडतील.

नाणेवाला

पुतण्या_वेंगुर्ला, फ्रेमचं काही ठरलं का? एक करा: पदकं कार्डाला गोंदाने चिकटवू देऊ नका. फितीच्या मागून टाका घालून शिवायची, म्हणजे कधीही काढता येतात. आणि फ्रेमच्या मागे पाकीट करून त्यात टाइप केलेल्या कागदाची प्रत आणि तुमच्या हस्ताक्षरात दोन ओळी ठेवा, की हे कोण, आणि पदकं तीनच का आहेत. पुढच्या पिढीतलं कुणीतरी परत अशाच दुकानात जाईल.

पुतण्या_वेंगुर्ला

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, माफ करा. नऊ तारीख होऊन जाऊ द्यावी असं वाटलं.

चौथं घेतलं नाही. दुकानदाराला फोन करून कारण सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, हे मला माहीत नव्हतं, पुढच्या वेळी कुणी आलं तर विचारीन की माणूस परत आला होता का. फितीचे पैसे त्याने घेतले नाहीत.

फ्रेम सावंतवाडीला करायला टाकली होती. कारागीर म्हणाला, तीन पदकं म्हणजे डावीकडे सरकवतो आणि उजवीकडे फोटो बसवतो, नाहीतर मोकळं दिसेल. बाबांनी सांगितलं, मोकळं दिसू दे. फोटो देवघराशेजारी आहे तिथेच राहील. क्रम माजी_नाविक यांनी सांगितला तसाच. पदकं शिवून घेतली. मागच्या पाकिटातल्या दोन ओळी मी लिहायला बसलो होतो, पण बाबांनी पेन घेतलं. दोनाच्या पाच झाल्या.

चीता कॅम्पचा अर्ज जिल्हा कार्यालयात दिलाय, क्रमांकासकट. मार्चमध्ये बाबांना घेऊन दीवला जायचं ठरतंय. पिंपळपार, राहायची सोय कुठे बरी पडेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नऊ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास बाबांनी फ्रेम भिंतीवर लावायच्या आधी मांडीवर घेतली होती. बराच वेळ तशीच. मग मला विचारलं, सव्वीस जानेवारीला तहसीलदार कचेरीत झेंड्याला यायचं बोलावणं आहे, तेव्हा ही काढून लावता येतील का? मी म्हटलं, शिवलेली आहेत, येतील.

"उजवीकडे ना?" त्यांनी परत विचारून घेतलं. आणि सदऱ्यावर हात ठेवून जागा बघितली.